घोड्याची डावी बाजू

माझ्या धाकट्या बहिणीने शेवटचं जे काम हातात घेतलं ते तिच्या घोड्याचे हिवाळ्याआधीचे केस कापण्याचं होतं, आणि ते अर्धंच झालं. डावी बाजू झाली, उजवी राहिली. शनिवारी दुपारी तिने डावी बाजू कापली, उरलेलं उद्या करू म्हणून घरी गेली, आणि संध्याकाळी बाथरूममध्ये पडली. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही.

ती वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकवायची. मी मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत. दोघी पुण्याच्या. मी लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, ती नंतर पीएचडी करायला आली आणि राहिली. तिने लग्न केलं नाही. चाळिशीच्या आसपास कुणी घर घेतं, कुणी योगा लावतं. हिने घोडा घेतला. आम्हाला सांगितलं तेव्हा आईला वाटलं ही थट्टा करतेय. पण लहानपणी माथेरानला आम्हा दोघींना घोड्यावर बसवलं होतं तेव्हा मी उतरवा उतरवा म्हणून रडले होते, आणि ती उतरायचं नाही म्हणून रडली होती. त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

घोडा तपकिरी, आडव्या हाडाचा, टांग्याच्या घोड्यासारखा दणकट. अगदी तरुणही नव्हता. वॉलॉंगॉंगच्या मागे जो डोंगर उभा आहे तो चढून वर गेलं की माळासारखी हिरवी जमीन लागते, धुकं आणि वारा खाली समुद्रकाठी असतो त्याच्या दुप्पट. तिथे एका बाईंच्या पॅडॉकमध्ये, कुंपण घातलेल्या कुरणात, तो बारा महिने उघड्यावर राहायचा. आडोसा म्हणून एक तीन बाजूंनी बंद असलेली पत्र्याची शेड आणि झाडांची रांग, एवढंच. बहीण रोज सकाळी कामाला जायच्या आधी गाडी काढून वर जायची आणि त्या रस्त्यात मला फोन लावायची. मी मुलीला शाळेत सोडून परतत असायचे. दोघींचे फोन स्पीकरवर. ती पोचली तरी फोन चालूच असायचा, त्यामुळे मला तो घोडा आधी आवाजानेच ओळखीचा झाला. बादलीत तोंड घालून खाताना तो कसा फुरफुरतो, ती दिसल्यावर कसा घशातल्या घशात गुरगुरतो, हे सगळं मी मेलबर्नच्या ट्रॅफिकमध्ये बसून ऐकलेलं. त्याला ती बाळा म्हणायची. आईला हे कळलं तेव्हा तिने विषय बदलला होता.

त्या आठवड्यात तिच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता. मे महिना लागला होता, म्हणजे इकडे हिवाळ्याचं तोंड, आणि घोड्याचे केस वाढून अस्वलासारखे झाले होते. मला तिने समजावून सांगितलं होतं. घोडा थंडी पडायच्या आधीच दाट केस वाढवतो. नुसतं चरायचं असेल तर त्याला ते हवेच असतात. पाऊस वरच्या वर निथळतो, आत ऊब राहते. पण त्याच्यावर बसून त्याला पळवलं की तो घामाने भिजतो, ते दाट केस लवकर वाळत नाहीत, आणि ओल्या अंगाने वाऱ्यात उभा राहिला की गारठतो. म्हणून त्याच्याकडून जेवढं काम करून घ्यायचं तेवढे केस कापायचे. थोडंच काम असेल तर गळ्याखालचे आणि छातीवरचे. त्याहून जास्त असेल तर पोटाचे आणि बरगड्यांच्या खालच्या अर्ध्या भागाचेही. आणखी जास्त असेल तर पाठीवर घोंगडी टाकल्यासारखा भाग सोडून मानेसकट बाकी सगळे. अशा प्रत्येक कापणीला, म्हणजे क्लिपला, इथे नाव आहे, बिब, ट्रेस, ब्लँकेट. घोडा तबेल्यात राहणारा असेल तर काही चिंता नाही. हिचा बाहेर राहणारा, म्हणून विचार.

"ताई, ते स्वेटरसारखं नाही गं," ती म्हणाली होती. "एकदा कापलं की परत चढवता येत नाही."

पॅडॉकच्या बाई काय म्हणतात, मी विचारलं.

"त्या म्हणतात, बाहेरच्या घोड्याचे आपल्याला वाटतात त्याहून कमीच कापावेत. पण मला या हिवाळ्यात त्याला भरपूर फिरवायचंय. डोंगरातल्या वाटांवर न्यायचंय. मागच्या वर्षी माझे पेपर तपासण्यातच गेले सगळे दिवस."

मी म्हटलं, मग कर ना थोडं जास्त. ती म्हणाली, बघू, त्याच्यासमोर उभी राहूनच ठरवीन.

शनिवारी दुपारी तिचा फोटो आला. घोड्याची डावी बाजू. पोटापासून बरगड्यांच्या मध्यापर्यंत केस कापलेले, आतून निघालेला रंग फिकट, दुधातल्या कोकोसारखा. वर पाठीवर जुना गडद तपकिरी. खाली लिहिलं होतं, अर्धा झाला, ब्लेड तापलं, उरलेला उद्या. मी लिहिलं, स्मार्ट दिसतोय. तिने घोड्याचं चित्र पाठवलं. एवढंच.

रविवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पॅडॉकच्या बाई होत्या. माझा नंबर बहिणीनेच त्यांना कधीतरी देऊन ठेवला होता. त्यांनी आधी मला विचारलं की मी बसलेली आहे का. मग सांगितलं की बहीण सकाळी आली नाही, घोडा गेटपाशी उभा राहिलेला त्यांना दिसला, फोन लागेना, म्हणून त्या खाली तिच्या फ्लॅटवर गेल्या. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. बाथरूममध्ये पडलेल्या बहिणीला अँब्युलन्सने हॉस्पिटलला नेलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. ती जिवंत आहे, त्या म्हणाल्या, पण लव्ह, तू लवकर ये.

मी, नवरा आणि मुलगी विमानाने सिडनीला आणि तिथून गाडीने हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ती आयसीयूत होती. चेहरा झोपलेल्या माणसाचा. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला तर बोटांना काहीतरी बारीक टोचलं. पाहिलं तर घोड्याचे केस. तिच्या भुवयांत, कानाच्या पाळीमागे, गळ्याच्या वळीत, तपकिरी, नखाएवढे आखूड. घोडा भादरताना ते उडतात आणि सगळीकडे जाऊन बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती अंघोळीला निघाली होती आणि ती अंघोळ झालीच नव्हती. नर्सने मला एक ओलं फडकं आणून दिलं. मी पुसायला लागले. कान, मान, हाताची बोटं. आमची आई आम्हाला सणाला न्हाऊ घालायची तेव्हा ही सगळ्यात जास्त ओरडायची. आता मी कानात बोट घातलं तरी ती हलली नाही.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते मंगळवारी सांगितलं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला येणं शक्य नव्हतं. मी तिला फोनवर सगळं समजावून सांगितलं, मशीनवर काय चाललंय, मशीन काढलं तर काय होईल. आई शिक्षिका होती, तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "तिला आता त्रास देऊ नका." आणि फोन तिने शेजारच्या काकूंच्या हातात दिला.

अंत्यविधी झाला. नवऱ्याने फोन धरून आईला दाखवला. युनिमधली माणसं आली होती, तिचे विद्यार्थी आले होते, पॅडॉकच्या बाई मागच्या रांगेत एकट्या बसल्या होत्या. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की घोड्याला चारा-पाणी त्या करतायत, घाई नाही, पण जमेल तेव्हा एकदा वर येऊन जा. काहीतरी ठरवायला लागेल.

नवरा आणि मुलगी मेलबर्नला परतले. मुलीची परीक्षा होती. मी बहिणीचा फ्लॅट आवरायला मागे राहिले.

पहिल्या दिवशी मी वर गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. बाई सत्तरी ओलांडलेल्या, उंच, काटकुळ्या, सगळ्यांनाच लव्ह म्हणणाऱ्या, पायात चिखलाने भरलेले गमबूट. नवरा वारल्यावर त्या एकट्याच ती जमीन सांभाळतात. त्यांनी घोड्याला शेडपाशी आणून बांधलं. त्याच्या अंगावर जाड हिरवी रग होती, पाऊस न झिरपणारी, छातीवर आणि पोटाखाली पट्ट्यांनी आवळलेली. बैलपोळ्याला बैलांवर झूल घालतात ती मला एकदम आठवली, पण ही शोभेची नव्हती. बाईंनी पट्टे सोडले आणि रग मागे ओढून काढली.

फोटोत मी फक्त डावी बाजू पाहिली होती. आता समोर उभं राहून दोन्ही पाहिल्या. एका अंगाने झुलपांचं रानटी जनावर, दुसऱ्या अंगाने विंचरलेलं, आवरलेलं, कुणीतरी हौसेने तयार केलेलं. मधोमध छातीवर रेघ. जिथे तिने केस कापायचा क्लिपर थांबवला होता तिथे मानेच्या अर्ध्यात कड वेडीवाकडी होती.

बाई म्हणाल्या, रग काढली की तो कसा उभा राहतो बघ. आम्ही बाजूला झालो. दक्षिणेकडून गार वारा सुटलेला होता. घोडा सावकाश वळला आणि केसाळ उजवी बाजू वाऱ्याकडे करून उभा राहिला.

मग त्यांनी मला काय काय करता येईल ते सांगितलं. घोडा आता कुणाच्या स्वारीचा नाही, निदान या हिवाळ्यात नाही. म्हणजे खरं तर त्याला क्लिप लागतच नाही. पण अर्धी झालेली आहे. आता एक तर दुसरी बाजूही तेवढीच कापायची, म्हणजे दोन्हीकडून सारखा होईल आणि थंडीभर रग ठेवायची. नाहीतर आहे तसाच राहू द्यायचा, रग घालायची, डावीकडे थोडेफार केस परत येतील, वसंतात सगळे गळतील तेव्हा आपोआप सारखं होईल. दोन्ही चालतं. घोडा आता तुझा आहे, तू ठरव.

मी विचारलं, हिने कुठली क्लिप ठरवली होती? बाईंनाही माहीत नव्हतं. शनिवारी त्या बाजारात गेल्या होत्या. आधी अंगावर खडूने रेघा मारून घ्यायची पद्धत असते, उजव्या बाजूला तिने मारल्याही असतील, पण शनिवारी रात्रीपासून पाऊस लागला होता. त्या म्हणाल्या, पोटाचं पाहिलं तर ट्रेस वाटतेय, पण मानेवर ती जिथे थांबलीय तिथून वाटतं की वरचीही मान काढायची होती. म्हणजे जास्तीची. फिरायचं असं म्हणत होतीच ती.

म्हणजे तिच्या मनात काय होतं ते तिच्यापाशीच राहिलं. मी फ्लॅटवर येऊन तो फोटो मोठा करकरून पाहिला. मानेवरची ती कड मला पाठ झाली.

रोज सकाळी मी तिच्या गाडीने वर जायला लागले. मला घोड्यांची भीती वाटते. आधी मी कुंपणाबाहेरूनच बादली आत सरकवायचे. बाईंनी मला हळूहळू आत नेलं. कुठून जायचं, कुठे हात ठेवायचा, पुढून न जाता खांद्यापाशी उभं राहायचं, हे शिकवलं. ब्रश हातात दिला. खरारा हा शब्द मला फक्त माहीत होता, केला तेव्हा कळलं की त्यात खांदा भरून येतो. उजवीकडचे केस ब्रशखाली उभे राहायचे आणि परत बसायचे, त्यात बोटं पार बुडायची आणि आत कातडीपाशी गरम लागायचं. डावीकडे हात फिरवला की नुसतं गुळगुळीत. तिथे मी जास्त वेळ हात फिरवायचे. तिच्या हाताचं काम होतं ते.

फ्लॅट आवरताना एक दिवस बाथरूममधले कपडे उचलले. जीन्स, जुना फ्लीस, मोजे. शनिवारचे. मी ते उचलले आणि इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले, पावडर घातली, बटण दाबलं. घरी रोज करते तसं. वाळत घालताना फ्लीस झटकला आणि थांबले. त्यावर एकही केस नव्हता. स्वच्छ, साबणाच्या वासाचा. मी बाल्कनीत खाली बसले ते बराच वेळ बसले. समोर पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसत होती, तिला ती आवडायची, मला कधी आवडली नाहीत.

आईला रोज व्हिडिओ कॉल करत होते. आई रडत नव्हती. ती जेवलीस का विचारायची, फ्लॅटच्या किल्ल्यांचं विचारायची, विम्याचं, बँकेचं. एक दिवस म्हणाली, मला तो घोडा दाखव. मी वरून कॉल लावला आणि फोन फिरवला. आधी उजवी बाजू, मग डावी.

"अगं, हे काय," आई म्हणाली. "अर्धंच भादरलंय त्याला."

मी म्हटलं, तेवढंच झालं होतं तिचं.

आई बघत राहिली. मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "ते पुरं कर. तिला असलं अर्धवट खपायचं नाही. रांगोळीतला एक ठिपका चुकला तर पुसून पहिल्यापासून काढायची ती. पुरं कर आणि मग ये."

मला बरं वाटलं. कुणीतरी ठरवून दिलं होतं. मी बाईंना सांगितलं की मला दुसरी बाजू कापायची आहे, आणि मीच कापणार. त्या बरं म्हणाल्या. पाऊस नसलेला दिवस बघू, ओल्या केसांवर क्लिपर चालत नाही.

तसा दिवस दोन-तीन दिवसांनी आला. थंडी कडक, आकाश मोकळं, गवतावर दुपारपर्यंत सावलीत दहिवर. बाईंनी बहिणीचा क्लिपर शेडमधून काढला. ब्लेडच्या दातांत तिने कापलेले केस अडकले होते. बाईंनी त्यात तेल सोडलं आणि ब्रशने साफ करायला घेतलं. मला सांगावंसं वाटलं की नको, पण क्लिपर साफ केल्याशिवाय घोड्याला ओढ बसते हे मला आता कळत होतं, म्हणून काही बोलले नाही. त्यांनी खडूने उजवीकडे रेघ मारून दिली, डावीकडच्याला जुळती. मान कुठपर्यंत घ्यायची विचारलं. मी म्हटलं, तिने जिथे थांबवलंय तिथपर्यंतच.

क्लिपर चालू केला. हातात तो धडधडतो, वजन लागतं. घोड्याने कान मागे केले आणि परत पुढे आणले. त्याला सवय होती. बाईंनी सांगितलं होतं तसा मी आधी तो नुसता त्याच्या खांद्यावर पालथा टेकवला, थरथर त्याला कळावी म्हणून. माझा दुसरा हात त्याच्या कुशीवर, त्या दाट केसांत. बाहेर वारा सुटला होता आणि माझी बोटं गारठली होती, आणि आत, केसांच्या तळाशी, उबदार होतं. एवढंच होतं त्याच्यापाशी त्या वाऱ्याला तोंड द्यायला. ते मी काढणार होते.

मी बाईंना विचारलं की याला याची गरज आहे का.

बाईंनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मग त्यांच्या नेहमीच्या सावकाश बोलण्यात म्हणाल्या, "त्याला गरज नाही, लव्ह. तुला असेल तर कर. मी त्याच्यासाठी दुसरी जास्तीची रग काढून ठेवलीय. केस काय, परत येतात."

त्या मनापासून म्हणत होत्या. मी कापलं असतं तर त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नसता. मी क्लिपर हातात धरून उभी राहिले. बहीण त्याला कापायला निघाली होती ती त्याच्यावर बसून डोंगरात जायचं म्हणून. आता कुणी जाणार नव्हतं. तो नुसता उभा राहणार होता, पावसात, धुक्यात, सगळा हिवाळा. आणि मी त्याची उरलेली ऊब काढून टाकणार होते, कारण मला आणि आईला ते अर्धं बघवत नव्हतं.

मी क्लिपर बंद केला. आवाज थांबल्यावर एकदम फार शांत झालं. बाईंनी क्लिपर माझ्याकडून घेतला, वायर गुंडाळली, आणि खडूची रेघ हाताने पुसून टाकली. दोघींनी मिळून रग घातली. पट्टे आवळायला त्यांनी मला दिले.

गाडीत बसून आईला फोन केला. म्हटलं, आई, मी नाही केलं. राहू दिलं. ती का म्हणून विचारेल, रागावेल, असं वाटलं होतं. तिने विचारलं, "त्याला थंडी वाजते का गं?"

मी सांगितलं, जाड रग आहे, बाई सकाळ-संध्याकाळ बघतात.

"मग राहू दे," आई म्हणाली. "राहू दे तसंच." आणि रडायला लागली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. मी इकडे गाडीत, काचा वाफेने भरलेल्या, आणि ती तिकडे पुण्यात.

फ्लॅटच्या किल्ल्या परत केल्या आणि मी मेलबर्नला आले. सकाळी मुलीला सोडून परतताना फोन वाजत नसे. पहिले काही आठवडे मी सवयीने तो स्पीकरवर लावून ठेवायचे. बाई अधूनमधून मेसेज करायच्या. पाऊस खूप झालाय, तो ठीक आहे. आज धुक्यातून फक्त कान दिसत होते. जुलैत मी दोन दिवस जाऊन आले. डावीकडे बोटाच्या पेराएवढे केस आले होते, मखमलीसारखे, तरीही रेघ स्पष्ट दिसत होती. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मानेवरची वेडीवाकडी कड तेवढी बुजत चालली होती.

सप्टेंबरात केस गळायला लागले. मी गेले तेव्हा बाईंनी मला रबराचा ब्रश दिला आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी भिडलो. पुंजके सुटून वाऱ्यावर उडत होते. बाई म्हणाल्या, पक्षी नेतात घरट्याला. खालून नवा कोट निघत होता, आखूड, चकचकीत, सगळीकडे एकाच रंगाचा. दुपारपर्यंत त्याच्या अंगावर कुठलीच रेघ राहिली नाही. बाई खूश होत्या, हिवाळा चांगला काढला म्हणाल्या, वजन उतरलं नाही, कुठे खरूज नाही. मीही हो म्हटलं. मग पाणी प्यायला जाते सांगून शेडच्या मागे गेले.

जवळच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी आता आठवड्यातून दोनदा त्याच्यावर बसते. बाईंनीच तिला शोधलं, हात हलका आहे म्हणाल्या. कागदोपत्री घोडा माझ्या नावावर आहे. या एप्रिलच्या शेवटी त्या मुलीचा मेसेज आला की त्याचे केस वाढलेत, तो थोडा घामेजतो, कुठली क्लिप करू. मी विचारलं, किती वेळ बसतेस, कुठे नेतेस, चढ आहे का. मग लिहिलं की फक्त गळ्याखालचे आणि छातीवरचे काढ, पाठीला आणि बरगड्यांना हात लावू नकोस, तो बाहेर राहतो. आणि मी येईन म्हणून कळवलं.

मी दोर धरून उभी राहिले. त्या मुलीला सवय होती. आधी एक बाजू, मग फिरून दुसरी, मध्ये ब्लेड गार होईपर्यंत तिने एक सफरचंद खाल्लं. तासाभरात झालं. दोन्हीकडून सारखं, रेघ सरळ, कड नीट. तिने मागे सरून विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, छान केलंस. खरंच छान केलं होतं. तिने त्याला सोडलं आणि तो उताराकडे चरत निघून गेला. बाई आत चहा टाकायला गेल्या आणि ती मुलगी क्लिपर पुसत बसली. मी कुंपणाला टेकून त्याच्याकडे बघत राहिले, आणि मला ते इतकं नीट झालेलं काम बघवेना.